सामासिक अंतर

वाइनो कांगास काउंटरवर आला
पाकिटाच्या पाठीवर गॅरेज काढून.
चौकट, दार, वर त्रिकोण,
आत ट्रक, ट्रकला डोळ्यांसारखे दिवे.
"सोळा फूट," म्हणाला, "इंचही कमी नको.
दार पुरतं उघडायला हवं,
एल्माचा गुडघा आता वाकत नाही,
आणि आमच्या अंगणात एप्रिलपर्यंत बर्फ."

मी नकाशा पसरला.
बाजूच्या हद्दीपासून पाच फूट मोकळे,
मागच्या गल्लीपासून दहा.
कागदोपत्री नाव : सामासिक अंतर.
व्याकरणात समास म्हणजे दोन शब्द जवळ आणणं,
आमच्या कार्यालयात
दोन भिंती दूर ठेवणं.

"भिंत बसते की," तो म्हणाला.
भिंत बसते.
पण आम्ही भिंतीपासून मोजत नाही,
पाणी जिथून ठिबकतं तिथून मोजतो.
वळचणीनं त्याचे सोळा इंच खाल्ले.

"हे पाच कुणी ठरवले?"
खरं तर एका रात्रीनं.
पाइन स्ट्रीटवर शेजारशेजारची दोन गॅरेजं
एकाच ठिणगीनं गेली,
मधल्या फटीत शिडी आडवी शिरेना.
तेव्हापासून पाच :
एक माणूस, एक शिडी, आणि थोडी धाप.
मी हे सांगितलं नाही. मागे रांग होती.

शनिवारी त्यानं मेव्हण्याकडून यंत्र आणलं,
धातू दिसला की किरकिरणारं.
हद्दीची खुंटी शोधायला.
आधी नाल निघाली, मग चमचा,
मग कुणाच्या तरी खेळण्यातल्या गाडीचं चाक,
आणि शेवटी खुंटी,
कुंपणापासून आठ इंच आत. त्याच्याच बाजूला.

कुंपण त्यानंच घातलं होतं,
रेमंड रोबिडो असताना, दोघांनी मिळून,
डोळ्यांच्या अंदाजानं, पायाशी बियरचा खोका.

सोमवारी येऊन त्यानं स्वतः सांगितलं.
माती परत लोटता आली असती.

सुनावणी वाचनालयाच्या तळघरात.
पाच सभासद, घडीच्या खुर्च्या,
कॉफी जी कुणीच संपवत नाही.
डेल्फीन रोबिडो उभी राहिली :
"याच्या छपरावरचा बर्फ माझ्या प्लमच्या झाडावर पडेल."
बसली.
परत उठली :
"आणि ते आठ इंच मला नकोत."
अध्यक्ष म्हणाले, तो विषय आज पटलावर नाही.

तीन विरुद्ध दोन. अर्ज नामंजूर.

वाइनोनं टोपी घातली, कानांवर ओढली,
आणि जाताना डेल्फीनसाठी दार धरलं.
रागानं धरलं की सवयीनं,
मला ओळखता आलं नाही.

सप्टेंबरात अखेरची तपासणी.
गॅरेज चौदा फुटी. उतार गल्लीकडे वळवलेला.
ट्रक तो उलटा घालतो आता,
म्हणजे एल्माची बाजू भिंतीपासून लांब.
मी टेप लावला, वळचणीच्या टोकाला ओळंबा सोडून,
खुंटीपर्यंत.
पाच फूट दोन इंच.

"दोन इंच जास्त?"
"तुमचा टेप उन्हात आखडतो," तो म्हणाला.

वर पाहिलं तर प्लमची फांदी
कुंपण ओलांडून, पाच फूट ओलांडून,
नव्या पत्र्यावर रेललेली.
पन्हळीत चार-पाच फळं.
मी नियमावली उघडली, उगाच, सवयीनं.
झाडांसाठी कलम नाही.

एल्मा ट्रकमध्येच बसली होती, काच खाली करून.
एक फळ खाल्लं तिनं, सावकाश,
आणि बी बोटांत धरून मला विचारलं,
"हिला कुठल्या बाजूला टाकू?"

मी हात पुढे केला.
बी खिशात घातली, टेपशेजारी,
आणि फाईलच्या समासात लिहिलं :
पाहिलं. ठीक.